समुद्राचा मंगळवार

केप कोस्टच्या किनाऱ्यावर मंगळवारी
कुणी होडी लोटत नाही.
समुद्राचा तो विसाव्याचा वार.
जाळी वाळूवर पसरलेली,
माणसं पाय सोडून बसलेली,
सुतळी दातांत धरून भोकं सांधत.

मला हे लहानपणापासून ठाऊक होतं.
वॉर्डात मात्र पहिल्याच मंगळवारी
मी चौदा प्रश्न घेऊन गेले.

एकोव बेंत्सिल. वय एकेचाळीस.
होड्यांच्या कडांवर अक्षरं रंगवायचा,
लाल, पिवळी, ठसठशीत,
लाटेलाही वाचता यावीत अशी.
भावाची होडी परतली नाही तेव्हापासून
पाण्याच्या पिंपातून भाऊ हाका मारतो.
झोप किती? भूक कशी?
आवाज पुरुषाचा की बाईचा?
पाचव्या प्रश्नाला तो पिंपाकडे बघायला लागला.
मी म्हणाले, "आत कुणी नाही. थांबा, झाकण काढून दाखवते."
आणि काढलंही.
त्याने मान फिरवली ती रविवारपर्यंत.

वहीत मी लिहिलं : पेशंट सहकार्य करत नाही.

सिस्टर क्वान्सांनी चष्मा कपाळावर सरकवला,
वाक्यावर सरळ रेघ मारली.
"रात्र रात्र जागून जो ऐकत बसतो
तो सहकार्य करत नाही होय?
पाहिलंस ते लिही, अराबा. निकाल नको.
आवाज आहे म्हणू नकोस, नाही म्हणू नकोस.
मला ऐकू येत नाही, म्हण. ते खरं आहे.
तुम्ही घाबरलाय हे दिसतंय, म्हण. तेही खरं.
या दोन खऱ्यांच्या मध्ये
एका माणसाला बसण्यापुरती जागा असते."
मग थांबून, "आणि मंगळवारी जाळं टाकलंस
ते वेगळंच."

वर्ग हसला. मी नाही.

आमच्या ओसरीच्या खांबाला एक जुनी कडी आहे,
साखळी नसलेली. गंज खांबात उतरलाय.
नव्या मुलींना ती दाखवतात.
त्या तासाला टिपणं कुणी घेत नाही.

रात्री होस्टेलवर युनिफॉर्म धुताना माझा हात थांबला.
एकोव मान फिरवतो, तशीच
माझे वडील फिरवायचे,
ताकोराडीला निघून जाण्याआधी.
मी नक्की चिडले होते कुणावर?
सिस्टर म्हणाल्या, "पिळताना बघावं
रंग कुठल्या कपड्याचा जातोय.
सगळाच त्याचा नसतो."

पुढच्या मंगळवारी वही न घेता गेले.
बदामाच्या झाडाखाली, त्याच बाकावर,
हातभर अंतर ठेवून बसले,
उठून जायची वाट त्याला मोकळी राहील अशी.
एवढं पुस्तकात होतं.
पुस्तकात हे नव्हतं
की शांतता अंगाला खाजते,
जीभ प्रश्न शोधत टाळूभर फिरते,
आणि चाळीस मिनिटांत येऊन जातात
एक बकरी, केंकी विकणारी बाई,
दोन पडलेले बदाम, पुन्हा तीच बकरी.

मग तो म्हणाला,
"तुझ्या डाव्या बुटाचा टाका सुटलाय."

मी लिहिलं : ९.४०. एकोव यांनी माझा बूट पाहिला.
यावर रेघ पडली नाही.

परीक्षेत आलंच :
उपचारात्मक नातं म्हणजे काय? गुण पाच.
व्याख्या लिहिली. साडेचार मिळाले.
अर्धा कशाचा गेला कोण जाणे.
बूट लिहायचा राहिला.

गुरुवारी गोळ्या देताना त्याने विचारलं,
"ही पांढरी कशाला? हिच्यानं हात थरथरतो.
थरथरत्या हातानं अक्षर कसं काढू?"
मला उत्तर येत नव्हतं.
"विचारून येते," म्हणाले.
तो हसला. विचारून येते म्हणणाऱ्या
त्याने पुष्कळ पाहिल्या होत्या.

डॉक्टर तीनला भेटले.
सव्वातीनला मी वॉर्डात.
तो पिंपाशी उभा होता,
झाकणावर हात ठेवून.

"आले," मी म्हणाले.