आक्षेप

महालेखाकार कार्यालयात एकतीस वर्षं
मी लोकांच्या बिलांवर लाल पेन्सिल फिरवली.
सिमेंटची पोती, कालव्याचे दरवाजे,
एका सबइंजिनिअरचा कधीच न झालेला दौरा.
निवृत्त झाले तरी बोटं मोजायची थांबत नाहीत.
तर नोंद अशी:

मे महिना, जनकगंज, पारा पंचेचाळीसला टेकलेला.
गॅलरीतल्या दोरीवर तीन मास्क, एक परकर,
आणि साबणाने धुतलेली दहाची एक नोट, चिमट्यात.

दुपारी बारा ते चार कोणीच नाही.
म्हणजे लू असते. ती दाराखालून आत येते,
चादरीवर बारीक धूळ अंथरते आणि जाते.
तिला पास लागत नाही.
कूलरचा घास मागच्या वर्षीचाच, बदलायला कोण येणार.
पाणी ओतलं की कुजकट ओल्या गवताचा वास सुटतो,
आणि मला बरं वाटतं:
वास येतोय अजून.

किराणा दुकानापुढे चुन्याची सात वर्तुळं.
सकाळी त्यांत माणसं उभी असतात, नंतर दिवसभर कुत्री.
एका वर्तुळात एकच. माणसांपेक्षा चोख.

साडेसहाला ठेला यायचा.
त्याची पँट पहिल्यांदा पाहिली तेव्हा हसूच आलं:
लाल, बाजूने सोनेरी पट्टी.
"बैंड की है, बाईसाहब. क्लैरनेट बजाता हूँ.
इस साल सब बारातें कैंसिल."
चंबळच्या वाळूतली काकडी, लांब, वाकडी, लवदार.
हाकसुद्धा सुरात, शेवटचा स्वर इतका ओढायचा
की समोरच्या गच्चीवरची पोरं श्वास धरून बसायची,
कधी सोडतो बघू.
मी दोरीने टोपली सोडायची.
तो तिच्यात काकड्या अशा ठेवायचा
जशी टोपली झोपली आहे.

अठरा तारीख, सोमवार.
टोपली अर्ध्यावर होती.
खालच्या मजल्यावरचे भटनागरजी फाटकाशी आले.
भाव नाही विचारला.
"नाम क्या है?"

"मास्टर. बैंड में सब मास्टर ही कहते हैं."

"वो नहीं. नाम."

कुणाच्या तरी कूलरचा पंप तेवढा चालू होता.

एकतीस वर्षांत मी अर्ध्या रुपयावर आक्षेप घेतलाय.
झाडूंच्या खरेदीवरून एका कार्यकारी अभियंत्याला
तीन पानी पत्र लिहिलंय, स्मरणपत्रं वेगळी.
त्या दिवशी माझ्या तोंडावर दोनपदरी सुती कापड होतं.
त्याच्यामागे तोंड उघडलं होतं की मिटलेलंच होतं,
हे आता मलाही सांगता येणार नाही.

त्याने नाव सांगितलं. नीट, पूर्ण, वडिलांच्या नावासकट,
फॉर्मवर भरतात तसं.
टोपली भरली. मग ठेला वळवला.
एक चाक कुरकुरत होतं, ते वळणापर्यंत ऐकू आलं.
मी दोरी ओढली. तीन काकड्या.
पैसे द्यायचे राहिले.

आता दुसरा येतो. दोडका, भोपळा.
भटनागरजी घासाघीस करून चार रुपये सोडवतात.
परवा मला कणकण होती
तर त्यांनीच दाराशी गोळ्यांची पट्टी ठेवली,
बेल वाजवून चार पायऱ्या खाली थांबले,
मी दार उघडेपर्यंत.
तेही लिहायला हवं.

जबलपूरहून कुमुद रोज विचारते, काय केलंस आज?
काही नाही, मी म्हणते.
कधी नव्हे ते उत्तर अचूक.

अठरा रुपये: दहाची नोट, पाचाचं नाणं, तीन सुटे.
नाणी बशीत. नोट धुतली, वाळली, परत धुतली.
कोणत्या सदरात टाकू?
देणं म्हणावं तर मागायला कोणी येत नाही.
संध्याकाळी वारा फिरतो, नोट दोरीवर फडफडते.
चिमटा घट्ट आहे ना,
झोपण्याआधी मी दोनदा बघून येते.