जोड दिसू नये

मारेत ढगांची वाट पाहते आहे.
मुहू बेटावर तीन दिवस लख्ख ऊन,
शेजाऱ्यांचं गवत वाळतंय, पोरं समुद्रात,
आणि ही बाई मांडीवर कॅमेरा घेऊन
आभाळाकडे बघते,
उशीर झालेल्या बोटीकडे बघावं तशी.

ऊन असलं की सावली छपराच्या फोटोत मुरते.
मग संगणकातला सूर्य कुठूनही उगवो,
काड्यांखाली ती जुनी दुपार तशीच उरते.
तिला हवंय
कुठल्याच वेळेचं नसलेलं छप्पर.

चौथ्या दिवशी आभाळ राखाडी झालं.
प्रीडिकने शिडी धरली.
वय एकोणऐंशी, बोटं बोरूसारखी, पेरापेरांची.
हे पाखं त्याने आणि भावाने शाकारलेलं,
समुद्र गोठल्यावर
बर्फावर उभं राहून कापलेल्या बोरूने.
बर्फ पातळ असला की बोरू महाग पडतो, म्हणाला.
हसला नाही.

एकशे चाळीस फोटो.
त्यातून एक चौरस, दोन मीटर बाय दोन.
डावी कड उजवीला मिळाली पाहिजे, वरची खालचीला,
म्हणून रात्रभर ती एकेक काडी
पुसते, ओढते, पुन्हा रुजवते.
उत्तरेकडचं शेवाळ जरा कमी करते, फार खरं वाटतंय.
पहाटे चौरस तयार.
आता तो कितीही पसरा,
घरभर, गावभर, बेट संपेल, तो संपणार नाही.

सकाळी काळा पाव, खारवलेला मासा, मध्ये लॅपटॉप.
प्रीडिकने चष्मा पुसला.
‘गळेल.’
काय?
‘हे घर गळेल. पाखं फार निजलंय.
बोरूला उभा उतार लागतो.
आणि बुडखे वर केलेस तू, शेंडे खाली.
पाणी सरळ अंथरुणात.’
इथे पाऊस नसतो, ती म्हणाली.
त्याने तिच्याकडे असं पाहिलं
की तिने मुकाट्याने चौरस उलटा फिरवला,
उतार उभा केला.
घर फिरलं, घराचे वासेही फिरले,
धुराडं अधांतरी लटकलं, वळचण खिडकीत घुसली.
दोन दिवसांचं काम गेलं.

मग त्याचं बोट पडद्यावर थांबलं.
‘हे.’
तळहाताएवढा खळगा. पेंढी जरा सैल.
‘इथवर युहान होता.
पाणी पिऊन येतो म्हणून उतरला.
पुढचं मी एकट्याने लावलं.
हात बदलला की दिसतं.’
विहीर अजून आहे. तिच्यावर आता झाकण.

बोट सरकलं. ‘आणि हे?’
दोन मीटरवर तोच खळगा.
त्यापुढे तोच. वरच्या ओळीत तोच.
तो मोजत गेला, ओठ हलवत,
मेंढ्या मोजतात तसा.
सव्वीस.
सव्वीस शिड्यांवरून युहान उतरत होता,
सव्वीस वेळा तहान लागलेला,
आणि छपरावरून कुणीच
हाक मारत नव्हतं.

खूण राहिली की असं होतं, मारेत म्हणाली,
डोळ्याला लगेच कळतं, खोटं आहे.
मी पुसणारच होते.
‘सगळे?’

कॉफीवर साय धरली.
तिने विचारलं, धुराड्यापासून कितवा वासा?
त्याने डोळे मिटले,
टेबलावर चार बोटं ठेवली, पाचवं जरा लांब.

तालिनला परतल्यावर
ऑफिसातून कास्परची विचारणा:
रस्त्याकडेचं घर, खेळाडू सहा सेकंदांत पुढे जातो,
त्याच्या छपराला दुसरं चित्र कशाला?
फाईल जड होते.

तिने लिहिलं, तिथे हात बदलतो.

तो बहुधा भलतंच काही समजला.
मंजुरी आली.