एक वीत वरून

नागीण गेली, असं मेडिकलच्या डॉक्टरांनी सांगितलं.
पण कात इथंच टाकून गेली,
पाठीपासून छातीपर्यंत, डाव्या बरगडीवर.
चौदा महिने झाले.
बनियनचा धागासुद्धा तिथं निखारा होतो.
नस खोटा निरोप देते, म्हणाले.
मी म्हटलं, रिले बिघडला की असंच होतं साहेब,
फॉल्ट नसताना ट्रिप मारतो.
ते हसले. गोळीचा डोस वाढवला.

एकतीस वर्षं कोराडीच्या स्विचयार्डात काढली मी.
पावसाळी दिवसात बसबारखाली उभं राहिलं
की छत्रीच्या दांड्यातून मुंग्या येतात,
हातावरचे केस उठून उभे राहतात,
कशाला शिवलेलं नसतं तरी.
म्हणून रत्नप्रभा म्हणाली,
तांडापेठेत एक बाई आहे, हात न लावता ऊर्जा देते,
तेव्हा मी मुलाइतका हसलो नाही.
थोडा हसलो.
किती व्होल्टची, एवढंच विचारलं.

कुंदाबाई हेडाऊंची खोली.
मधल्या चार फरश्या बाकीच्यांहून फिकट,
मागाचा खड्डा बुजवून नंतर बसवलेल्या.
त्यांच्यावर खाट.
भिंतीवर सात चक्रांचं लॅमिनेट केलेलं चित्र,
त्याच खिळ्याला विजेचं बिल.
'शर्ट काढा नं भाऊ. लाजून काहून राहिले?'

तळहात आला
आणि बरगडीच्या एक वीत वर थांबला.
चौदा महिन्यांत
दाबून न पाहणारं हे पहिलंच माणूस.
ऊब लागली.
पण बाहेर मे महिना, शेहेचाळीस अंश;
या गावात एका तळहाताची ऊब
वेगळी काढायची कशी?
दुसऱ्या खेपेला खिशात टेस्टर नेला होता.
काढला नाही.

पाचव्या खेपेला लाइट गेली.
कूलर घरघरून थांबला,
वाळ्याच्या ताट्यांतून पाणी ठिबकत राहिलं.
मी डोळे मिटूनच विचारलं, आता?
'माही लाइन अलग आहे,' त्या म्हणाल्या.
मग कुठंतरी बोट कडकडलं.
डोळे उघडले, तर हात थरथरत होता.
पेरं सुजलेली,
तुटक्या सुताला घाईत मारलेल्या गाठींसारखी.

'हे केव्हापासून?'
'झाले बारा वर्षं. धोटा फेकनं सुटलं अन् हे धरलं.'
'मग स्वतःला का देत नाही?'
'आपला हात आपल्यालेच लागू नाही होत, भाऊ.
दुसऱ्याचा लागते.'

लाइन बंद केली तरी तारेत चार्ज उरतो.
अर्थिंगची काठी टेकवल्याशिवाय
तिला हात घालायचा नसतो.
हे मी कित्येक पोरांना शिकवलं,
एकाने ऐकलं नाही.
त्याचं नाव मी घरात कधी घेत नाही.

मी उठून बसलो.
माझे दोन्ही पंजे त्यांच्या पेरांवर
एक वीत वर धरले.
मंत्र येत नव्हता, चिन्हं येत नव्हती.
त्यांनी डोळे मिटले.
खाली बुजवलेला खड्डा, वर आम्ही दोघं,
घामाचे थेंब फिकट फरशीवर.
काही झालं नाही.
लाइट आली, कूलर एकदम ओरडला,
तरी आधी हात कुणी काढायचा
ते ठरेना.

निघताना शंभराची नोट त्यांनी घेतली नाही.
मग पन्नास परत देऊन घेतली.

घरी रत्नप्रभाने विचारलं, फरक?
सातचा साडेसहा, म्हटलं.
रात्रीची गोळी घेतली.
चौदा महिने ती पलंगाच्या कडेला झोपते,
झोपेत धक्का लागू नये म्हणून.
अंधारात तिचा हात आला,
चाचपडत, बरगडीच्या दिशेनं.
अजून थोडं वर, मी म्हटलं.
तिनं वर धरला.
बराच वेळ धरला.
मग तो दमून आमच्या मधल्या चादरीवर पडला.
तिथंच राहू दिला.