आगळ

क्रूस दोन तुकड्यांत येतो,
टेम्पोच्या टपावर, पाण्याच्या पिंपाशेजारी.
गावोगाव त्याचे चार नटबोल्ट मीच आवळतो.
शिरोड्याला एक बोल्ट मिळेना.
मिठागराच्या बांधालगत मांडव, वारा खारट;
शेवटी काथ्याने करकचून बांधला.

कैतान वर चढला. तीन दिवसांचा खोकला
पहिल्या अंकापासून माईकमधून गावभर.
"मला तहान लागली आहे," तो म्हणाला,
आणि मी, रोमन शिपाई, पायांत रबरी चपला,
स्पंज आगळात बुडवला.
आंब म्हणून आम्ही कोकमच वापरतो;
लांबून रक्तासारखंही दिसतं.

तेवढ्यात पुढच्या चटईवरून एक म्हातारी उठली,
कमरेला खोचलेलं नेसू, हातात पितळी तांब्या.
"आंबाट दिव नको रे. पोराक खोकलो आसा."

विंगेत प्रॉम्प्टर पानं उलटत राहिला.
तसं काही लिहिलेलंच नव्हतं.
त्या जागी मी भाला आडवा धरायचा असतो.
मी तो खाली ठेवला
आणि स्टूल सरकवलं तिच्या पायांशी.

कैतान प्याला. घटाघटा, तांब्या रिकामा होईस्तोवर.
मरायचं राहिलंय
हे त्याला जरा उशिराच आठवलं.