निळा कीस

वाळूजला बाहेर त्रेचाळीस,
माझ्या खोलीत वीस.
वीस म्हणजे वीसच. साडेवीस झालं
की दारावरचा दिवा पिवळा होतो
आणि मोजणं थांबतं.
भर मे महिन्यात मी शाल पांघरून बसते,
रांजणगावच्या घरमालकिणीला हे काही केल्या पटत नाही.
"शाल? कंपनीत?" म्हणते,
आणि माठावरचं फडकं पुन्हा ओलं करते.

ग्रॅनाइटचं टेबल. वरून उतरणारी सुई,
तिच्या टोकाला माणकाचा एक मणी.
तापलेल्या लेकराच्या कपाळाला
कुणी इतक्या हळू हात लावत नसेल.

मंगळवारी रात्रपाळीत धोत्रे आले,
दोन्ही तळव्यांवर ब्रॅकेट घेऊन, पाळण्यातून उचलल्यासारखं.
विमानाचा पंख जिथं अंगाला मिळतो
तिथं बसायचं होतं ते.
शनिवारी सव्वीस किलोचा टायटॅनियमचा ठोकळा होता,
चौतीस तासांनी उरलं दोन किलो चारशे.
बाकी सगळा कीस.

रात्रभर ते माझ्याकडं निवत पडलं.
धातू गरम असताना
स्वतःला आहे त्याहून मोठा सांगतो,
त्याचं सकाळीच ऐकावं.

सकाळी एकशे ऐंशी ठिकाणी सुई टेकली.
मुभा बारा मायक्रॉनची,
धोत्रे चारात बसले होते.
पडदा वरपासून खालपर्यंत हिरवा.
मी शिक्का उचलला.

"थांबा मॅडम."
"का? रिपोर्ट बघा की."
"रिपोर्ट बराबर हाय. पार्ट बराबर न्हाई."

खिशातून त्यांनी पुडी काढली.
मला वाटलं तंबाखू.
आत किसाचा एकच वळसा होता,
जळक्या कढईच्या बुडासारखा
निळा, कडेला जांभळा.

"शेवटच्या बोरला निघाला.
कूलंटची धार तुटली असंल दोन सेकंद.
आवाज बदलला तसा मी बटनाकडं पळालो,
तवर पास संपला हुता."

भोकाचा व्यास सुईला कळतो.
भोकाच्या कातडीखाली काय भाजलं,
ते तिला कोण सांगणार?

धोत्र्यांचे वडील दौलताबादच्या अंगाला दगड फोडायचे,
जाती, पाटे, उखळं.
पहिला घाव घालण्याआधी
हातोडीनं दगड नुसता वाजवायचे, कान लावून.
बद्द बोलला की बाजूला.
"त्याचं जातं केलं असतं
तर गिऱ्हाइकाला काय कळणार हुतं?" मी विचारलं.
"गिऱ्हाइकाला न्हाई. जात्याला कळतंच की."

मग बऱ्हाटे साहेब आले.
गुरुवारची गाडी, धातूचा भाव,
चौतीस तासांचे पैसे,
सगळं बोटांवर मोजून झालं.
धोत्रे ऐकत राहिले, मान खाली,
पण पुडी उघडीच ठेवली टेबलावर.
लाल रंगाची बाटली त्यांनीच मागितली,
ब्रॅकेटवर फुली मारताना
ब्रश दोनदा बुडवला.

पुण्याच्या प्रयोगशाळेनं ते तीन ठिकाणी कापलं.
अकराव्या दिवशी कागद आला:
तिन्ही कापांत दोष आढळला नाही.

मी तो धोत्र्यांना वाचून दाखवला
कँटीनमागच्या कडुलिंबाखाली.
त्यांनी चहा संपवला. कप विसळला.
"चौथ्या जागी असंल," म्हणाले.
थोड्या वेळानं म्हणाले,
"नसंल तर लई बेस."
आणि घंटा व्हायच्या आधीच मशीनकडं गेले.

त्यातला एक तुकडा माझ्या टेबलावर आहे,
कागद उडू नयेत म्हणून.
या खोलीत वारा नाही, तरीही.

हिरव्या पडद्यासमोर शिक्का उचलते
तेव्हा आता मी आधी विचारते,
"धोत्रे, पुडीत काय आहे?"

बहुतेक वेळा तंबाखूच असते.