अठरा ब्रिक्स

मोहाडीच्या पॅकहाउसला सकाळी सातला
पहिला ट्रॅक्टर लागतो.
क्रेटमधला एक घड उचलायचा,
खांद्याचा एक मणी, मधला एक, शेंड्याचा एक,
बोटांत चुरडून रसाचा थेंब काचेवर,
आणि नळी उन्हाकडे धरून एक डोळा मिटायचा.
आत अर्धं आभाळ निळं, अर्धं पांढरं.
दोन्ही भेटतात तिथला आकडा मी ओरडून सांगतो,
बोरस्ते वहीत लिहितात.
बावीस हंगाम हेच.

यंत्र नंतर आलं. आधी जीभ होती.
मणी दाताखाली फुटला की सांगायचो,
थॉमसन साडेसतरा, सोनाका एकोणीस,
पाव-अर्ध्याचाच फरक पडायचा.
दिवसाला किलोभर तरी पोटात जायची,
वर दर ट्रॅक्टरमागे एक चहा,
चमचा उभा राहील असा.

मागच्या पौषात रेष पुसट झाली.
निळं पांढऱ्यात सांडायला लागलं.
काच पुसली शर्टाच्या टोकाने, मग पाण्याने,
मग म्हणालो, बोरस्ते, यंत्र गेलं.
नवं मागवलं.
त्यातही तसंच.

रात्री तीनदा उठायचो. तळव्यांना मुंग्या.
शेवंता म्हणाली थंडीचं असेल.
पोरगी आडगावला नर्सिंगला,
सुट्टीत आली, काही बोलली नाही,
माझं बोट धरलं, टोचलं,
एक थेंब पट्टीवर.
मी सवयीने उजेडाकडे धरायला गेलो.
"आप्पा, ह्याला ऊन लागत नाही."

तीनशे बारा.
तोंडातून निघून गेलं, एक्स्पोर्टला चालेल.
ती हसली नाही.

निकुंभ डॉक्टरांनी गोळ्या दिल्या दोन,
आणि बंद करायच्या गोष्टी कागदाच्या दोन्ही बाजूंना.
रविवारच्या मिसळीवरची जिलबीसुद्धा
त्यांना कशी कळली कोण जाणे.
द्राक्षं लिहिलेली नव्हती. मीच विचारलं.
"करता काय तुम्ही?"
सांगितलं.
त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं.
शेवटच्या ओळीत मी माझ्याच अक्षरात लिहिलं.

हाताला कोण समजावणार?
मणी ओठांपर्यंत जायचा, ओठ मिटायचे,
हात तिथेच, पाहुण्यासारखा दारात उभा.
खिशात फुटाणे ठेवले.
पोरं म्हणायची, काय आप्पा, आंबट लागायला लागली का?
म्हटलं, कोल्ह्याला जाऊन विचारा.
गोड आहेत. साडेअठरा. लिहा.

शेवंताने साखरेचा डबा माळ्यावर टाकला,
स्वतःच्या चहातलीही बंद केली,
आणि पंधरा दिवस आम्ही
एकमेकांकडे न बघता चहा प्यायलो.
पाडव्याला गुढीची गाठी शेजारच्या पोराने नेली.
कडुलिंब मी दोन पानं जास्त खाल्ला,
रागाने.

कधी ते आठवत नाही, आखाडाच्या सुमाराला असेल,
नागलीची भाकरी चावत होतो, कोरड्या पिठल्याशी,
आणि जिभेच्या मुळाशी काहीतरी उमटलं.
शेवंते, पिठात काय घातलंस?
"मीठ."
मी चावत राहिलो. डोळे मिटून.
तीन असेल. फार तर साडेतीन.
एवढं कमी मी आयुष्यात कधी मोजलं नव्हतं.

आता रात्री एकदाच उठतो, तेही मांजरामुळे.
मुंग्या डाव्या पायात आहेत थोड्या, उजवा मोकळा.

यंदाच्या पहिल्या ट्रॅक्टरला
नव्या यंत्राचं टोपण कुणीतरी हरवलेलं,
म्हणून खणातून जुनं काढलं, गेलेलं.
धूळ फुंकली. थेंब टाकला. उन्हाकडे धरलं.

रेष.
सुईने ओढलेली.

बोरस्ते वही उघडून वाट बघत होते.
मी जरा वेळ लावला.
मग म्हणालो, अठरा.

बोटांना रस चिकटलेला असतो दिवसभर.
जेवणाआधी नळावर धुतो.
धुण्याआधी वास घेतो.
तेवढं कागदावर नाही.