शिरोरेघ

कलिन्याच्या प्रयोगशाळेत माझ्या टेबलाशी
माणसं येत नाहीत. नावं येतात,
लाखेचं सील लावलेल्या खाकी लखोट्यातून.

आज वासुदेव तोडणकर. मयत. गोदीत क्रेन चालवायचे.
वादातली सही एकच : घोडपदेवची खोली बायकोच्या नावे.
मुलगा म्हणतो, खोटी.
ताडून बघायला बँकेतल्या पेन्शनच्या आठ स्लिपा
आणि नोकरीचा अर्ज, एकाहत्तरचा,
कडा कसरीनं चाखलेल्या.

स्लिपांवरच्या सह्या देखण्या, एका दमात उतरलेल्या,
ड चं पोट गोल, र ला झोक.
वादातली मात्र ण पाशी थांबते,
टेकते, पुन्हा उठते,
जिन्यात दम खाणाऱ्या माणसासारखी.
नवा मुलगा म्हणाला, मॅडम, हे तर उघड आहे.

थरथरीतही फरक असतो, बाळा.
नकल करणाऱ्याची थरथर जपून चालते, सारख्या पावलांनी.
ही कुठेही भरकटत होती,
कागद सोडून खाली जाईल की काय अशी.
मी भिंग वर नेलं, शिरोरेघेवर.
बॉलपेनच्या शाईत दिशा राहते.
रेघ उजवीकडून डावीकडे ओढलेली.
एकाहत्तरच्या अर्जावरही तशीच.
डावखुरा. मास्तरांच्या छडीला पुरून उरलेला.

आठही स्लिपांवर ती शहाण्यासारखी
डावीकडून उजवीकडे.

मुलाच्या तक्रारीत एक ओळ आहे :
वडिलांचा हात अकरा वर्षं लुळा होता,
ते सही करूच शकत नव्हते.
स्लिपा त्यानंच जोडल्यात.

पोलिसांनी बाईंचे नमुने घेतलेत.
नवऱ्याचं नाव वीस वेळा, न अडखळता,
जसं कुणी भाकरी थापता थापता बोलतं.
शेवटच्या कागदावर फक्त स्वतःचं.
हवालदारानं समासात लिहिलंय :
सदर महिला म्हणाली, माझी कुठं लागते.

अहवालात दोन वाक्यं येतील.
पहिल्यानं खोली तिची होते.
दुसऱ्यानं ती त्याच खोलीत गुन्हेगार.
पहिलं टाइप झालंय.

चहा आला, गार झाला.
मी तो शेवटचा कागद उलटा करून
पाठीवरून बोट फिरवलं.
शे. वं. ती.
आंधळ्यालाही वाचता यावं
इतकं दाबून लिहिलेलं.